लाल बाबा

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करावी हा विचार माझ्या डोक्यात दात घासताना आला. पुण्याला आमच्याकडे दसऱ्याला स्कूटरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. इथे म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या दोन खोल्यांत माझं हत्यार म्हणजे एक कॉम्प्युटर. (दुसरं कुकर, पण त्याचं आणि माझं जमत नाही.) शिवाय २००७ सालचा दसरा रविवारी आला होता, आणि रविवारी सकाळी जर्मनीत एकट्या माणसाला करण्यासारखं काही नसतं. दुकानं बंद. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, वॉशिंग मशीन लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या टाकायला जायचं नाही. हे सगळं हाउसऑर्डनुंग नावाच्या कागदावर लिहून आमच्या जिन्यात लावलेलं आहे. पूजा करू नये असं मात्र त्यात कुठेही नव्हतं.

माझी बायको मीनल जूनमध्ये दोन महिन्यांसाठी पुण्याला गेली होती. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग दुसरा गुडघाही करून टाकू असं ठरलं आणि ऑक्टोबर संपत आला तरी ती तिकडेच होती. बरोबर आमचा विहान, वय वर्षं तीन. मी ऑफिसातून आलो की दिवा लावायचो आणि रिकाम्या घरात मोठ्याने 'आलो रे' म्हणायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दर रविवारी साडेदहाला, म्हणजे पुण्याच्या दुपारी दोनला, आम्ही वेबकॅमवर भेटायचो. पहिले काही आठवडे विहान पडद्याला पापे द्यायचा. मग तो नुसता येऊन बघून जायला लागला. मग येईना. इथल्या पाळणाघरात जर्मन शिकला होता, ते सगळं पुण्याला जाऊन विसरला. एकच शब्द शिल्लक राहिला होता, तो म्हणजे नाइन, म्हणजे नाही. 'बाबाशी बोल' म्हटलं की 'नाइन' म्हणून तो पळायचा.

"परवा मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला होता," मीनलने मागच्या रविवारी सांगितलं, "तर त्याला बाबा म्हणाला!"

ती हसली, मीही हसलो. नंतर बराच वेळ मी आमच्या दारामागच्या मीटरकडे बघत बसलो होतो. चार महिन्यांत पोरगं मला विसरत चाललं होतं आणि मला त्यावर काही करता येत नव्हतं.

म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा होता. विहान आज बाबाला आपट्याचं पान दाखवून सोनं देणार होता. मीनलने आठवडाभर त्याची तयारी करून घेतली होती.

आंघोळ करून मी कोरडं कुंकू खोबरेल तेलात कालवलं (इकडच्या थंडीत ते नुसतं चिकटत नाही) आणि चष्मा न लावताच पूजेला बसलो. कॅबिनेटला कुंकू लावलं, मॉनिटरला लावलं, माऊसला, मोडेमला, प्रिंटरला. कुणाला डावलल्यासारखं वाटायला नको म्हणून वेबकॅमलाही एक बोट लावलं. वर अक्षता टाकल्या. (त्यातली एक एंटरच्या खाली गेली, ती अजून तिथेच आहे.) खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई फ्राउ हुबर यांच्या कुंडीतलं एक झेंडूचं फूल जिन्यात कुणी नसताना आणलं होतं, ते प्रिंटरवर ठेवलं. नमस्कार केला. बरं वाटलं.

साडेदहाला मेसेंजर लावला. पुणं दिसायला लागलं. मीनल जरीच्या साडीत होती. मागे माझे सासरे अण्णा धोतर नेसून उभे.

"अय्या, हे काय?" मीनल ओरडली. "तू लाल दिसतोयस!"

"थंडी आहे गं इकडे."

"तसलं लाल नाही. नाक नाही, डोळे नाहीत. नुसता लाल ढग बोलतोय."

खरं तर मेसेंजरमध्ये कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आपला चेहरा आपल्यालाही दिसतो. पण एकट्याने राहणाऱ्या माणसाने स्वतःचाच चेहरा बघत बसू नये, म्हणून ती चौकट मी ऑगस्टमध्येच बंद करून टाकली होती.

तेवढ्यात मीनलच्या काखेखालून एक डोकं वर आलं. विहानने पडद्याकडे पाहिलं आणि तो खदखदून हसला.

"लाल बाबा! लाल बाबा!"

"बघ, हसतोय तो," मीनल म्हणाली. "राहू दे ना लाल."

"पाच मिनिटांत नीट करतो," मी म्हणालो.

इथे माझा धंदा आडवा आला. मी सॉफ्टवेअरवाला, आणि तोही सपोर्टमधला. दिवसाचे आठ तास मी जर्मन लोकांना 'बिघाड तुमच्याकडे आहे' हे सभ्य शब्दांत सांगत असतो. बिघाड आपल्याकडे असतो असं आमच्या खात्यात आजवर घडलेलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमच्या मॉनिटरची केबल सैल झालीय. एक रंग जास्त दिसतो तो त्यानेच. जरा मागे बघता का?"

"बघतो की शिरीषराव!" अण्णा टेबलाखाली गेले. अण्णा बहात्तर वर्षांचे, आणि घरात गुडघे नवे झाले होते ते फक्त सासूबाईंचे. टेबलाखालून कण्हण्याचा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

त्यांनी केबल नव्हे, प्लग काढला होता. मी फोन लावला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडत होतो.

"लावा परत! निळ्या टोकाची केबल! स्क्रू पिळा! उजवीकडे! अहो उजवीकडे!"

कॉम्प्युटर चालू झाला. मी लालच. मग आम्ही दोन्हीकडची मशिनं एकदा बंद करून चालू केली. मग मॉनिटरचे रंग बदलले. अण्णा तीनदा टेबलाखाली जाऊन आले.

"अण्णा, आता सगळं लाल दिसतंय का?"

"छे छे, सगळं झकास आहे. मीनलच्या लग्नाचे फोटोसुद्धा झकास दिसतात. लाल फक्त तुम्ही."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

माझ्या ऑफिसात हेच वाक्य मी रोज ऐकतो, पण तिथे ते ऐकवणाऱ्याला टेबलाखाली घातलेलं नसतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात फ्राउ हुबर. वय पंचाहत्तर, एकट्याच राहतात.

"हेर आगाशे, आज रविवार आहे. अर्धा तास झाला, तुम्ही ओरडताय. कुणी आजारी आहे का?"

मी माफी मागितली, माझा मुलगा, माझा सण, माझा लाल रंग, सगळं एका दमात जर्मनमध्ये सांगितलं. त्या आत आल्या. प्रिंटरवरच्या झेंडूकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी पर्समधून चष्मा पुसायचं फडकं काढलं, वाकून वेबकॅमचा डोळा पुसला आणि फडक्यावरचा लाल डाग मला दाखवला.

"घाण," त्या म्हणाल्या.

"दिसलास!" पुण्याहून मीनल ओरडली. "अरे, किती बारीक झालायस!"

चार महिन्यांनी कुणीतरी मला तसं म्हणालं. फ्राउ हुबर खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्याकडे रविवारी कुणी येत नाही हे मला तेव्हा कळलं.

"विहान, ये, बाबाला सोनं दे!"

विहान पान घेऊन आला. त्याने पडद्याकडे पाहिलं. दाढी न केलेला, डोळे बारीक करून बघणारा एक माणूस. विहानचा ओठ पुढे आला.

"लाल बाबा कुठे गेला?"

"अरे, हाच तो बाबा."

"नाइन! लाल बाबा पाहिजे!" आणि त्याने भोकाड पसरलं.

मी खुर्ची पुढे सरकवली. मग कुंकवाची वाटी ओढली आणि माझ्या हाताने वेबकॅमच्या डोळ्याला बोट टेकवलं. (फ्राउ हुबरांनी तोंडावर हात ठेवला.) रडणं थांबलं. विहानने आपट्याचं पान पडद्यावर दाबून धरलं, बरोबर माझ्या नाकावर, असं नंतर मीनलने सांगितलं.

"सोनं घे, लाल बाबा!"

मी घेतलं. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता हे एका दृष्टीने बरंच झालं. मागून अण्णांचा काळजीचा आवाज आला, "शिरीषराव, परत लाल झालात. जाऊ का खाली?"

त्यानंतरचे सगळे रविवार मी लालच होतो. विहान तासतासभर बोलायचा. गाणी म्हणायचा, पडलेला दात म्हणून शेंगदाणा दाखवायचा. फ्राउ हुबर साडेदहाला केक घेऊन वर यायच्या आणि त्यांनी आपण होऊन मला कुंडीतलं आणखी एक फूल दिलं.

डिसेंबरात मीनल आणि विहान परत आले. म्युनिकच्या विमानतळावर मी दोन तास आधीच पोचलो. लाल स्वेटर, लाल मफलर, लाल टोपी, पूर्ण तयारीनिशी. दार उघडलं, ट्रॉलीवर बॅगा, मागे मीनल, आणि बॅगांच्या बाजूने विहान सुसाट पळत आला.

"लाल बाबा!"

मी गुडघ्यावर बसलो, हात पसरले. तो माझ्या शेजारून गेला आणि मागे चॉकलेटं वाटत उभ्या असलेल्या लाल डगल्यातल्या सांताक्लॉजच्या पायांना त्याने घट्ट मिठी मारली.

मी धावत जाऊन सांगितलं की हा माझा मुलगा आहे. म्हाताऱ्याने माझ्या टोपीकडे, स्वेटरकडे, मफलरकडे पाहिलं, मग वाकून विहानला विचारलं, "हा तुझा पापा आहे का रे?"

विहानने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि अगदी स्वच्छ जर्मन उच्चारात सांगितलं, "नाइन."