नात छताला, टोस्ट चहात

हॉलंडमध्ये नवं बाळ छताला टेकून तरंगतं आणि जो त्याच्या नावाने टोस्ट खाईल त्याच्याच मांडीवर उतरतं. बार्शीच्या येसूअण्णा ढग्यांना हा नियम मान्य नव्हता. "पोर सांभाळावं तर मीच," असं विमानात शेजारच्या बाईला त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. "तशी आमची थोरली मी एकदा शेजाऱ्याकडं देऊन आलो होतो, त्यांचीच समजून," हेही मग त्यांनीच सांगून टाकलं.

उद्या परतीचं विमान, आणि नात अजून दिव्याशेजारी पालथी पडून खाली बघत होती. शेजारीण टोस्ट खाऊन तिला मांडीवर खेळवून गेली; ती उठली की नात पुन्हा वर. पोस्टमननेसुद्धा दारातच टोस्ट खाल्ला, बाळाचा पापा घेतला, टपाल दिलं आणि तो गेला. सख्खा आजोबा कोरडाच!

लेकीने, केतकीने, पुन्हा बशी पुढे केली. गोल कडक टोस्ट, वर लोणी, लोण्यावर साखरेची गुलाबी-पांढरी बडीशेप.

"हाटेलात बिलासंगं फुकट देतात ती ही बडीशेप!" अण्णा कडाडले. "आणि टोस्ट? टोस्ट तापातल्या माणसाला देतात. नात झाली तर डिंकाचे लाडू नाहीत, बर्फी नाही!"

"अण्णा, खा. तुमच्याचसाठी थांबलीय ती."

अण्णांनी वर बघितलं. नात खरंच थांबली होती. त्यांचं मन विरघळलं. त्यांनी टोस्ट उचलला आणि कवळीला झेपेल अशा एकाच रीतीने खायला घेतला, म्हणजे चहात बुडवला.

बडीशेप कपात गेली. लोण्याचा तवंग आला. समोर बसलेल्या डच विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले. निम्म्यापर्यंत आलेली नात सरळ वर गेली आणि छताला टप्पकन टेकली.

विहीणबाई हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात त्या?"

"कुरकुर आवाज यायला हवा म्हणतात. त्यावरच बाळ उतरतं. आणि चहात बुडवलेला टोस्ट धरत नाहीत."

"धरत नाहीत? उभ्या जन्मात मी कोरडा टोस्ट खाल्ला नाही! चहा काय पाप आहे?" अण्णांनी दुसरा टोस्ट हिरिरीने चावला. कवळी टोस्टात रुतून बसली. आवाज आला तो कवळीचा. नात जराशी हलली, विचारात पडल्यासारखी दिसली आणि तिथेच राहिली.

अण्णांनी कवळी धुऊन बसवली आणि खुर्चीवर चढून हात उंच केले. बोटं पोचेनात.

"काय हा देश!" ते ओरडले. "आमच्याकडं असलं काही नसतं. आमची पोरं जन्मल्यापासनं जमिनीवर असतात!"

केतकीने बशीतली सांडलेली बडीशेप बोटाने टिपली.

"मी शाळेत नाव घालेपर्यंत आढ्यालाच होते, अण्णा. आई माळ्यावर चढून भरवायची. तुम्ही घरात कधी वर बघितलंत?"