डोळ्यात थेंब, पायात ब्रेक

भीती हा शब्द माझ्या डिक्शनरीत नाही! उभी हयात मी लोकांना गाडी चालवायला शिकवली. समोरून ट्रक अंगावर येतोय, शेजारचा नवशिका स्टिअरिंग सोडून देवाचा धावा करतोय, अशा वेळी शांतपणे "क्लच दाबा" म्हणणारा माणूस मी! त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली नुसते बधिर करायचे थेंब टाकून होतं, हे कळताच मी गल्लीभर सांगत सुटलो.

"म्हणजे तुम्ही टक्क जागे? आणि डोळ्यात सुरी?" शेजारचे शिंपीकाका सुईत दोरा ओवायचे थांबले.

"जागा! आणि हसत!"

"हसू नका," आमची ही म्हणाली, "हलायचं नसतं तिथे."

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर मी राजासारखा पहुडलो. थेंब पडले. जरा चुरचुरलं आणि मग डोळा असा बधिर झाला, की जणू शेजाऱ्याचाच! तोंडावर कापड आलं, डोळ्यापुरतं भोक ठेवलेलं.

"काका, दिव्याकडे बघत राहा," सिस्टर म्हणाल्या. "दुखलं तर हलू नका, तोंडानं सांगा. थेंब पुरले नाहीत तर डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देता येतं."

"इंजेक्शन तुमचं तुम्हालाच ठेवा!" मी म्हणालो.

मला तपासलं होतं मोठ्या डॉक्टरांनी, पण ऑपरेशन त्यांच्याकडच्या नव्या मॅडम करणार होत्या. मॅडम आल्या, काम सुरू झालं. दुखण्याचं नाव नाही! नुसते रंग तरंगत होते. शिंप्याला काय काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

तेवढ्यात सिस्टरनी विचारलं, "मॅडम, कड नीट दिसतेय ना?"

"हो हो, दिसतंय मला!"

हा आवाज! हेच वाक्य! माझ्या आयुष्यातली सगळ्यात अचाट विद्यार्थिनी! "हो हो, दिसतंय मला" म्हणत म्हणत तिनं आमची गाडी रोपवाटिकेत घातली होती. सगळ्या कुंड्या पालथ्या! माळी झाडावर!

आणि आता ती माझ्या डोळ्यात शिरत होती.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. डोकं माझं अगदी स्थिर राहिलं हो, पण उजव्या पायाला कोण सांगणार? त्यानं सवयीनं कचकन ब्रेक मारला! पायाशी असलेलं स्टूल धाडकन आडवं झालं.

मॅडमनी पापणी लवायच्या आत हात मागे घेतला. "दुखलं का?"

"नाही."

"मग पाय का झाडलात?"

आता काय सांगणार? मी दिव्याकडे आणखीच टक लावून बघू लागलो.

"लाजताहेत," सिस्टर म्हणाल्या. "पुरुष माणसं सांगत नाहीत, मॅडम. फार दुखत असणार. इंजेक्शन भरू?"

"भरा."

"थांबा!" मी ओरडलो. "दुखत नाही! मी... ब्रेक मारला!"

मग कापडापलीकडून हळूच आवाज आला, "सर? ड्रायव्हिंगवाले सर?"

"होय."

"सर, कुंड्या आठवल्या ना?"

"सगळ्या!"

मॅडम खळखळून हसल्या. मग एकदम शांत, ठाम आवाजात म्हणाल्या, "सर, आता गाडी माझ्या हातात आहे. पाय सैल सोडा. दिव्याकडे बघा."

असा आवाज मला उभ्या जन्मात काढता आला नाही! मी पाय सोडला. नवी लेन्स कधी बसली ते कळलंसुद्धा नाही. इंजेक्शन तसंच राहिलं.

डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आलो तो छाती पुढे काढूनच. हिला, सोबत आलेल्या शिंपीकाकांना, रांगेतल्या अनोळखी माणसांनाही धरधरून सांगितलं, "डॉक्टरीणबाई माझी विद्यार्थिनी! हे धैर्य, हा हात... पाया मी घातलाय!"

तेवढ्यात मॅडम स्वतःच बाहेर आल्या. "खरंय. गाडी मला सरांनीच शिकवली."

मी मान ताठ करून सगळ्यांकडे एका डोळ्यानं पाहिलं.

"हो का?" ही कौतुकानं म्हणाली. "मग आता स्वतःची मोठी गाडी असेल?"

"छे हो काकू," मॅडम म्हणाल्या, "मी बसनंच येते."