डाव्या बुटाची सहल

"नंदे, पाहुणा एका बोलात निघाला तर आपला आग्रह पातळ पडला समज. त्याचं पायतान लपीव, पन जाऊ देऊ नको."

द्वारकाबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी घरातला पाहुणा निघायची भाषा करू लागला, की सासूचा हा आवाज नंदाबाईंच्या कानात घुमायचाच. आजही घुमला. मुक्कामाला आलेले नरहरराव न्हाणीत गेले होते आणि आंघोळ आटोपली की ते निघणार होते.

नरहरराव पर्यटनाच्या कामावरचे साहेब. दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला हजारो माणसं जात, पण वाटेवरच्या या गावात चहालासुद्धा थांबत नसत. त्यांनी थांबावं, घोंगडी विणताना पाहावी, मोसंबीच्या बागेत हिंडावं, हुरडा खावा आणि गावातल्याच घरी राहावं, अशी योजना अठ्ठ्याण्णव साली निघाली होती. नंदाबाईंचे मालक बद्रीनाथ दोन वर्षं तिच्या मागे होते. नंदाबाईंना योजनेतलं फार कळत नव्हतं. लेकी सासरी गेल्यापासून घर गप्प झालं होतं. कुणी यावं, चार शब्द बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. गाव यादीत बसतं का, हे पाहायलाच साहेब काल आले होते.

त्यात आज संकष्टी. चंद्र उगवल्यावर मोदकांचा नैवेद्य, आणि पाहुणा तो न खाता जाणार म्हणजे काय! नंदाबाईंनी ओसरीवरचा उजवा बूट हळूच उचलला आणि ज्वारीच्या कणगीत ठेवला. एकच. आग्रहाला एक पुरतो.

मग मात्र त्या घाबरल्या. चतुर्थीला खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. साहेबांनी विचारलंच तर? त्यांनी माळ घेतली आणि देव्हाऱ्यापुढे बसल्या. जपात बोलायचंच नसतं.

"वहिनी, माझे बूट पाहिलेत का?"

नंदाबाईंनी डोळे घट्ट मिटले. पाचवा मणी.

"दोन्ही नाहीत हो!"

नंदाबाईंचा एक डोळा उघडला. दोन्ही? आपण तर एकच घेतला. आठवा मणी.

"सायब," अंगणातून ड्रायव्हर ओरडला, "जीपची चावी पन गायब झाली!"

"माझ्या घरात चोरी?" बद्रीनाथ कडाडले. "बिलकुल व्हनार न्हाई! सगळ्या गावाची झडती घेतो आता!"

बघता बघता ओसरी माणसांनी भरली. शेजारच्या सगुणाबाई, म्हणजे नंदाबाईंची थोरली जाऊ, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. समोरच्या घरातले कचरू फारच गोड आवाजात म्हणाले, "सायब, ऱ्हावा की आजच्या दिवस. जल्दी कामून करून राह्यले?"

"राहा काय, राहा!" नरहरराव ओल्या पायांनी नाचायचेच बाकी होते. "तीन वाजता जालन्याला बैठक आहे. आज यादी पक्की होतेय. मी पोचलो नाही तर तुमचं गाव गेलं! आणि पोचून तरी काय सांगू? की इथं पाहुण्याचे बूट चोरीला जातात?"

बद्रीनाथ मटकन पायरीवर बसले. बैठकीचं त्यांना ठाऊक होतं. घरात सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

एकसष्टावा मणी बोटातच अडकला. नंदाबाईंनी गणपतीला मनातल्या मनात नमस्कार केला आणि जन्मात पहिल्यांदा जप मोडला.

"कणगीत हाय!"

"काय कणगीत?"

"उजवा बूट. म्या ठिवला. तुमी ऱ्हावं म्हून."

कचरूंनी खाकरून मुंडाशातून चावी काढली. "म्या बी त्याच्यासाठीच..."

"आणि डावा?"

सगळ्यांच्या नजरा पदराकडे वळल्या. "अवो, म्या तं दारातल्या मोसंबीच्या पेटीत ठिवल्ता," सगुणाबाई पुटपुटल्या. "खाली, गवतात."

"वैनी!" बद्रीनाथांचा आवाज चिरकला. "ती पेटी भरून म्या मघाच टेम्पोत धाडली!"

साहेब बद्रीनाथांच्या करकरणाऱ्या वहाणा घालून, उजवा बूट काखेत मारून जीपमध्ये बसले. नंदाबाई जीपला आडव्या झाल्या. "सायब, डावा बूट म्या सोता आनून दीन. चतुर्थीचा शब्द हाय माझा."

घरात येऊन त्यांनी माळेच्या एकसष्टाव्या मण्याला लाल दोरा बांधला. रोजचा जप सासूच्या माळेवर सुरू झाला. ही माळ शब्द पुरा होईपर्यंत अर्धीच.

नवव्या दिवशी टेम्पोवाला रामकिसन बूट घेऊन हजर झाला. पेटी जालन्याच्या बाजारातून न उघडता थेट नागपूरला गेली होती.

"घ्या!" कचरू म्हणाले. "फिरायचं व्हतं सायबानं, फिरून आला बूट!"

त्याच दिवशी टपालानं पत्र आलं. बद्रीनाथांनी ते उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. बैठकीत वहाणा करकरल्या, सगळ्यांनी कारण विचारलं, साहेबांनी घडलं ते सांगितलं आणि हसता हसता गाव यादीत बसलं. फक्त एक अट होती. 'पादत्राणे लपविण्याचा कार्यक्रम पाहुण्यांना पूर्वसूचना देऊन दररोज सायंकाळी पाच ते साडेपाच या वेळेत घ्यावा.'

"आधी सांगून लपवायचं?" नंदाबाईंनी विचारलं. "मंग त्यो आग्रह कसला?"

"सरकारी," असं म्हणून बद्रीनाथ फळा रंगवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाईंनी तुळशीला पाणी घातलं आणि बूट पुसला. त्याला मोसंबीचा वास येत होता. धुतलेल्या फडक्यात तो गुंडाळून पिशवीत ठेवला, वर डब्यात पाच मोदक ठेवले आणि कुणाला न उठवता त्या जालन्याच्या पहिल्या गाडीसाठी फाट्याकडे निघाल्या. चालता चालता अंगठ्यानं हातातल्या माळेवरच्या लाल दोऱ्याची गाठ सैल करत होत्या.