अप्पांच्या रुपयाची किंमत

स्वतःच्या वस्तूची किंमत पाडून घेण्यासाठी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुरलिंगअप्पा. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी कोषागारात कारकून म्हणून बदलून आलो आणि अप्पांच्या माडीवर भाडेकरू झालो. सामान वर चढायच्या आधीच त्यांनी बंडीच्या खिशातून एक रुपया काढून माझ्यापुढे धरला. निजामाच्या काळातला, चांदीचा, चारमिनारचा छाप असलेला. वर सोनाराने बसवलेली बारीक कडी.

"तुम्ही सरकारी खजिन्यातले. याचं काय येईल?"

नवे घरमालक खूश व्हावेत म्हणून मी म्हणालो, "जुना आहे अप्पा, पाचशे तरी येतील."

अप्पांचा चेहरा उतरला. "चेष्टा करायलाव का? वाजवी बोला!"

मी तीनशेवर आलो, मग शंभरावर. तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं आणि माझी ट्रंक वर गेली.

खाली त्यांचं किराणा दुकान होतं. गुळाच्या खड्यासाठी कुणी घासाघीस केली तर "भाव एकच" म्हणून हात जोडणारा हा माणूस रुपया बाहेर काढला की पार उलटा व्हायचा. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नवे साहेब. बाकीचं गाव त्यांच्याकडे अर्ज घेऊन जायचं, अप्पा रुपया घेऊन. एका इंजिनिअरसाहेबांनी "दुर्मीळ आहे, जपून ठेवा" म्हटलं, तर अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. एक सराफ मात्र म्हणाला, "चांदीच्या वजनाचे देतो." दिवाळीला त्याच्याकडून अप्पांनी निरांजन घेतलं. अप्पांचं डोकं फिरलंय यावर गल्लीचं एकमत होतं. त्यांच्या बायको, आमच्या काकू, यावर काही बोलत नसत. रुपया निघाला की त्या उठून आत जायच्या.

नांदेडला जुनी नाणी घेणारा एक व्यापारी आहे, असं मीच कुठूनतरी ऐकून आलो. अप्पा हट्टालाच पेटले. "चला. एकदाचा निकाल लागू द्या." एस.टी.त अहमदपूर मागे पडेपर्यंत त्यांनी तीनदा खिसा चाचपून पाहिला.

व्यापाऱ्याने भिंग लावून नाणं पाहिलं. "कडी लावून वाया घालवलंय. गळ्यात घालून झिजलंय बी. शौकीन लोक असल्याला हात लावत नाहीत. चांदीचा भाव येईल, बस्स."

"सगळ्या कडीवाल्या रुपयांचं असंच?" अप्पांनी विचारलं.

"सगळ्यांचं."

"अन् दुष्काळाच्या साली?"

"तवा बी चांदीचाच भाव."

अप्पांनी त्याला आणि मला चहा पाजला. त्यांच्या पैशाने प्यालेला माझा तो पहिला चहा.

परतीच्या गाडीत ते आपणहून बोलायला लागले. "त्या दुष्काळात दुकानात माल न्हाई, घरात ज्वारी न्हाई. हिनं गळ्यातली रुपयाची माळ काढून माझ्या हातावर ठेवली. मी मागितली नव्हती, बरं का. औशाच्या सराफानं तोलून चांदीचे पैसे दिले. ह्यो एक आधीच तुटून डब्यात पडलेला, म्हणून ऱ्हायला." त्यांनी रुपया मुठीत घेतला. "पुढं कुणीतरी म्हणलं, असल्या एकेका रुपयाला लई पैसे येतात. तवापासून घास गिळंना. तिच्या बापानं घातलेली माळ. मी फसलो असलो तर तिला काय तोंड दाखवू?"

 मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू ज्वारी पाखडत बसल्या होत्या. अप्पा दारातूनच म्हणाले, "अगं, चांदीच्याच भावाची होती माळ! फसलो न्हाई मी."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मी कधी इचारलं व्हतं का तुम्हाला?"

अप्पांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला.

"झाली न्हवं किंमत? मंग द्या की इकडं. माझा रुपया हाय त्यो."

त्यांनी कडीत काळा दोरा ओवला, रुपया गळ्याशी धरला आणि अप्पांकडे पाठ केली. अप्पा मागे उभे राहून दोऱ्याची दोन टोकं जुळवत राहिले. गाठ काही बसेना.

"दिसंना गेलंय. ह्यो बल्ब बदलाय पाहिजे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

बल्ब मी आदल्याच दिवशी बदलला होता.