वास गेला तिथे सँडविच गेलं

रविवारी सकाळी रवीने आईला स्वयंपाकघरातून चक्क बाहेर काढलं आणि गॅसचा ताबा घेतला.

कारण साधं होतं. गंगापूर रोडच्या एका कॅफेत ग्रिल्ड चीज सँडविचचा पहिला घास घेऊन स्नेहाने डोळे मिटून "अहाहा!" म्हटलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रवीच्या हातच्या कशालाही तिने असं म्हटलं नव्हतं. त्याच्या चहाला ती "चालेल" म्हणायची. आज ती परीक्षेच्या ड्युटीवर होती, दुपारी येणार होती. तोवर तसंच सँडविच करून आपलंही एकदा कौतुक करून घ्यायचंच, असा त्याचा पण होता. त्यासाठी महागडं चीज आणि त्याहून महागडा पाव आणला होता. पावात चारच सँडविच होणार होती, पण घरात माणसंही तीनच.

"अरे, किती वेळ परततोस तो कांदा? सिलिंडर संपेल!" दारातून लताबाई ओरडल्या.

"आई, कांदा मंद आचेवरच गोड होतो. तू बस ना बाहेर."

कांदा गोड झाला, लोण्यावर पाव चुरचुरला, चीज कडेने ओघळलं. असा घमघमाट सुटला की रवी स्वतःवरच खूश झाला. तेवढ्यात लताबाईंनी पहिलं सँडविच ताटलीत घेतलं.

"कुठे निघालीस?"

"वर, रोशनीकडे. सातवा लागलाय तिला. पोटुशीला वास जावा आणि घास जाऊ नये? पाप लागतं!"

आता पोटुशीपुढे कोण काय बोलणार? पण जिन्यात शेजारचे सावळीराम अण्णा भेटले. त्यांनी झाकलेल्या ताटलीकडे बघून "आज काही विशेष?" एवढंच विचारलं. झालं! दुसरं त्यांच्याकडे गेलं.

"अगं, त्यांनी मागितलं होतं का?"

"म्हाताऱ्या माणसाला मागायला लावायचं? त्यांच्याकडचे मेथीचे लाडू बरे गिळलेस!"

ताटली रिकामी परत करायची पद्धत नाही. अण्णांनी द्राक्षं घालून पाठवली. रोशनीची सासू लोणचं घेऊन स्वतःच आली आणि "चव बघते हं" म्हणत ओट्यापाशी उभ्या उभ्या तिसरं संपवून गेली.

चौथं रवीने फ्रीजवर पातेल्याखाली लपवलं आणि तो अंघोळीला गेला. अंघोळीचं काही अडलं होतं का? पण गेला. बाहेर येऊन बघतो तर पातेलं उताणं.

"आई!"

"ओरडतोस काय? वॉचमन हिरामण आला होता, पाणी जाणार आहे म्हणून सांगायला. तो दारात वास घेतोय आणि आपण झाकून ठेवायचं? शोभतं का?"

"मग स्नेहाला काय देऊ? लोणचं?"

"द्राक्षं दे. गोड आहेत."

रवीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात स्नेहा आली, तीही हसत.

"काय रे, गेटपासून जिन्यापर्यंत नुसतं कौतुक! हिरामण म्हणतो, वहिनी, असं सँडविच जन्मात खाल्लं नाही. रोशनीची सासू तर माझा हात सोडेना."

रवीला जरा बरं वाटलं. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्यात काय, सोपं तर असतं."

"म्हणजे? मी केलं हे नाही सांगितलंस?"

"अरे, तयारी मीच करून गेले असं धरून सगळे माझंच नाव घेत होते. भर जिन्यात कशाला खुलासे करत बसू? आणि आता तर सांगूच नकोस. पुढच्या रविवारी सगळ्या बिल्डिंगला बोलावून बसलेय मी."

"आणि करणार कोण?"

"तूच की! पण दार लावून कर. वाढायला मी आहे."