म्हातारा गेला, नवा आणायचाय!

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, अख्खं गाव म्हणतं. गावाला ते मीच सांगून ठेवलंय, ती गोष्ट वेगळी!

त्यामुळे बाबांच्या थडग्यासाठी फोटो बनवायचं काम माझ्याकडेच आलं. दचकू नका, बाबा ठणठणीत होते! पण आमच्या पोझेगाच्या बाजूला शहाणा माणूस आपला दगड आपल्या डोळ्यांदेखत बसवून घेतो. पोरांवर सोडलं तर पोरं स्वस्तातला बसवतात! काळा ग्रॅनाइट, त्यावर नवराबायकोची चित्रं, नावं, जन्मसालं, मग एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. शेजारच्या रादोमिरने असा दगड वसंतातच बसवला होता आणि तेव्हापासून बाबांचं जेवणावर लक्ष नव्हतं. पितरांच्या शनिवारी सगळा गाव दफनभूमीत जमतो. त्या दिवशी आपला दगड रादोमिरच्या दगडाशेजारी, त्याच्याहून वीतभर उंच उभा दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

अडचण होती फोटोंची. बाबांनी स्वतःचा लष्करातला फोटो निवडला. मिसरूड नुकतंच फुटलेलं. आईने दिला गेल्या ईस्टरचा.

"लोक म्हणतील, हा नातू आणि ही त्याची आजी!" आई भडकली.

"मग जरा दमानं म्हातारी व्हायचं होतंस, देसांका," बाबा म्हणाले.

"थांबा दोघं!" मी म्हणालो. "कॉम्प्युटर कशाला आहे? आईच्या सुरकुत्या काढतो, बाबांना थोड्या घालतो. मधे कुठेतरी तुमची गाठ घालून देतो!"

मी त्यावर किती खपलो म्हणून सांगू! दोघं अशी शोभत होती की पुन्हा लग्न लावून द्यावं. आणि मंगळवारी जेवणं आटोपल्यावर कॉम्प्युटरमधून टक्, टक्, टक् आवाज आला आणि पडदा काळा झाला.

हा कॉम्प्युटर इतका जुना होता की घरात सगळे त्याला 'म्हातारा' म्हणायचे. आतली हार्ड डिस्क काढली तर हात भाजला.

"ताप भरलाय!" आई म्हणाली, आणि मी हां हां म्हणेपर्यंत तिने आलुबुखाराच्या दारूत भिजवलेला मोजा डिस्कवर चढवला. आमच्याकडे ताप असाच उतरवतात. बाबांनी ती टेबलावर दोनदा आपटली; त्यांचा रेडिओ असाच सुरू व्हायचा. मी पडलो शास्त्रीय माणूस! मी ती पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली. गार झाली की गेलेली डिस्क घटकाभर शुद्धीवर येते, असं कुठेतरी वाचलं होतं. आली नाही.

"फोटो दुसरीकडे पण ठेवले असशील ना, ल्युबिशा?" बाबांनी विचारलं.

"दुसरीकडे कशाला? इथे सुरक्षित होते की!"

सकाळी अंगणात जाऊन व्लाय्को मिस्त्रींना फोन लावला. दगड त्यांच्याकडेच होता. उभा जन्म ग्राइंडरशेजारी गेल्यामुळे मिस्त्री अर्धं ऐकतात आणि उरलेलं अर्धं पदरचं घालतात.

"मिस्त्री, घोटाळा झाला! आमचा म्हातारा गेला!"

"अरेरे! कधी?"

"काल, जेवणानंतर. टक् टक् झालं आणि संपला."

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. देसांका काय म्हणते?"

"काय म्हणणार? दारू चोळली, टेबलावर आपटला, मी फ्रीझरमध्ये पण घालून पाहिला!"

मिस्त्रींनी तिकडे ग्राइंडर बंद केला. त्यांना वाईट वाटलं असणार, असं मला वाटलं. भले लोक!

"फ्रीझरमध्ये?"

"हो ना! आता उझित्सेला चाललोय, नवा आणायला. आईचं म्हणणं, आवाज न करणारा बघ."

"इतक्यात?"

"मग काय, वाट बघत बसायचं? तुम्ही एक करा, चित्रांचं मागाहून बघू. आधी अक्षरं कोरून घ्या."

"सगळी?"

"सगळी! आता मागे काय ठेवायचंय?"

आणि मी बाबांना गाडीत घालून उझित्सेला निघालो.

दुकानातल्या बाईंनी दोन डिस्का समोर ठेवल्या. एक आत तबकडी फिरणारी, जाडजूड, पोटात भरपूर जागा असलेली. दुसरी चिपवाली, सडपातळ, मुकी आणि महाग. मी ओठ पुढे काढून दोन्ही हातात तोलून पाहिल्या. डिस्क तोलून काही कळत नाही, पण बाई बघत होत्या ना!

"टिकेल किती?" बाबांनी चिपवाली दाखवून विचारलं.

"पाच वर्षांची हमी आहे, काका."

"पाच? एवढी तर मीच देतो!"

"दोन घ्या," बाई मला म्हणाल्या. "एक कामाला, दुसरीवर सगळ्याची प्रत ठेवायला."

"बाई, मी काय आज कॉम्प्युटरला बसलोय?" मी म्हणालो आणि एकच घेतली. चिपवाली. मुकी.

गावात शिरलो तर आमच्या फाटकाला काळं फडकं बांधलेलं! समोरच्या लिंडनच्या झाडावर कागद चिकटवलेला. बाबा उतरले, चष्मा चढवला आणि स्वतःच्या मृत्यूची बातमी शेवटपर्यंत वाचली.

"फोटो कुठाय?" ते गरजले. "रादोमिरच्या मेहुण्याच्या कागदावर फोटो होता!"

आत आईभोवती अर्धा गाव बसलेला. टेबलावर दुखवट्याला आणतात तशी कॉफीची पाकिटं आणि साखरेच्या पुड्यांची ही रास! कॉम्प्युटरसाठी गाव एवढं हळहळतंय म्हणून आईला भरून आलं होतं आणि ती मोकळेपणाने बोलत सुटली होती.

"बरं झालं गेला ते! रात्रभर घरघर करायचा, कामाच्या वेळी बंद पडायचा. आता ल्युबिशा नवा आणतोय, तरुण, सडपातळ!"

बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. तेवढ्यात दारात बाबा उभे राहिले. रादोमिरच्या हातातली साखरेची पुडी खाली पडून फुटली.

"मि... मिलिसाव! अरे, मी तुझ्यासाठी साखर आणली होती!"

"गोळा कर आणि आत ठेव," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी काय ऐकलं, ते गावकऱ्यांनी सांगितलं. आम्ही तसेच त्यांच्या कारखान्यात धावलो. दगड उभा होता, आरशासारखा. मिलिसाव, 1941, आडवी रेघ, आणि रेघेपुढे 2013.

बाबांनी एक बोट त्या सालावरून फिरवलं, हळूच, जखमेवरून फिरवतात तसं. मला हसू येत होतं ते तिथेच गेलं. आपण किती मोठे गाढव आहोत, ते मला त्या बोटाने सांगितलं.

"खोडा ना, मिस्त्री!" मी म्हणालो.

"हे ग्रॅनाइट आहे, पोरा, तुझा कॉम्प्युटर नव्हे! तूच म्हणालास ना, सगळी अक्षरं? बुजवता येईल, पण डाग दिसेल."

"रादोमिरला डाग दिसता कामा नये," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "मग एक होईल. 3 ची डावी बाजू जोडून बंद केली की 8 होतो. 2018 करून देतो. त्यापुढे माझा इलाज नाही."

"म्हणजे पाच वर्षं," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातल्या डिस्कवर हात ठेवला. "कर 8."

चित्रांसाठी मी तिथेच मोबाइलवर नवे फोटो काढले. आईचा बरा आला. बाबांचा जसा यायचा तसा आला: भुवया एकत्र, दात आवळलेले, नजर थेट माझ्यावर. आजही दफनभूमीत कुठूनही चाला, ते माझ्याकडेच रागाने बघत असतात.

पण शनिवारी जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. रादोमिरने दगड पाहिला, साल वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मिलिसाव, तुला साल पण माहीत आहे?"

"माझं सगळं आधी ठरलेलं असतं," बाबा म्हणाले. रादोमिर हिरमुसून घरी गेला. त्याच्या दगडावर अजून मोकळी जागा होती ना!

2018 उजाडलं. सबंध वर्षभर बाबा शिडीवर चढले नाहीत. ख्रिसमस झाला, मग आमचं जुन्या पंचांगाचं नवीन वर्षही झालं, तेव्हा त्यांनी दगडासमोर जाऊन एक पेला रिचवला आणि दगडाला म्हणाले, "तुझी हमी संपली!"

त्याच आठवड्यात माझी डिस्क गेली. टक् नाही, टुक् नाही. मुकी होती, मुक्यानेच गेली! सगळं घेऊन गेली. प्रत? प्रत कशाला ठेवायची, सुरक्षित होतं की!

मी दुकानात विचारायला फोन उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आण इकडे," ते म्हणाले. "गेलंय कोण, ते मी सांगतो."