मिल्काबाईंची भिंत आणि आमची व्याख्या

रोह्यातल्या मिल्काबाई अष्टमकर यांच्या भिंतीवर एका सकाळी काळ्या रंगात सूचना आढळली : ‘युद्ध थांबव, नाहीतर घर सोड.’ मिल्काबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, आळीतलं एकमेव ज्यू घर त्यांचं. नोकरीत असताना वर्गातल्या पोरांची भांडणं त्यांनी पुष्कळ थांबवली होती. युद्धाचा मात्र अनुभव नव्हता.

मंगळवारी त्या आमच्या परिसर सलोखा समितीपुढे आल्या. “महिन्यावर नातीची मेंदी हाय. पेणहून व्याही येतील. मी ते पुसून घेते. कुणी लिहिलं तेवढं शोधा.”

“पुसू नका!” अध्यक्ष हैबतराव उठून उभेच राहिले. “पुरावा हाय तो. आधी ज्यूद्वेष म्हणजे काय ते ठरवू, मग तो झाला की नाय ते बघू.”

मीही सदस्य होतो, म्हणून खात्रीने सांगतो, काम तातडीने सुरू झालं. गोपाळ मास्तर म्हणाले, “परदेशातल्या सरकारवर टीका करणं म्हणजे द्वेष नव्हे.”

“खरंय मास्तर. पण सरकार तिकडं नि भिंत इकडं!” मिल्काबाई म्हणाल्या. हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

निमिष युद्ध करणाऱ्या त्या ज्यू देशाचा निस्सीम भक्त. तो म्हणाला, “काकी, मला तुमच्याबद्दल फार आदर. जगाच्या चाव्या तुमच्याच माणसांच्या हातात!”

“मग आमच्या नळाची चावी कुणाच्या हातात हाय, तेवढं बघ रे बाबा.”

निमिषचं विधान ‘प्रशंसा’ या सदरात नोंदवलं.

पुढच्या बैठका सर्वांच्या सोयीने शनिवारी ठेवल्या. शनिवारी धर्माने काम वर्ज्य, त्यामुळे या लोकांचा तेलाचा घाणा बंद असे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ही माहिती मसुद्याच्या पहिल्याच पानावर आम्ही अभ्यासपूर्वक दिली होती. त्याखालचा शेरा : ‘तक्रारदार दर शनिवारी गैरहजर. सहकार्याचा अभाव.’

तिसऱ्या आठवड्यात उन्हाने अक्षरं फिकी पडू लागली. पुरावा नष्ट होणं गंभीर. तेव्हा त्यावरून ऑइलपेंट फिरवून घ्यावा, असा ठराव झाला. माझं अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे आलं. जुनं लिखाण गल्लीतून दिसे, माझं रस्त्यावरून दिसू लागलं.

मेंदीच्या आदल्या दिवशी व्याही आले. त्यांनी भिंत वाचली, चहा न घेता नातीला नि मिल्काबाईंना गाडीत बसवलं. मेंदी ठाण्याला नातलगांकडे झाली. मिल्काबाई तिथेच राहिल्या.

“गेल्या ना शेवटी आपल्या देशात!” हैबतराव म्हणाले.

“अहो, ठाण्याला गेल्या.”

“तेच ते.”

व्याख्या एकमताने मंजूर झाली, एकेचाळीस पानं. एकाने विचारलं, आता भिंत पुसायची का? हैबतराव म्हणाले, “अर्ज कोण करणार? तक्रारदार राहतो कुठं इथं?”

तुम्ही मनात म्हणत असाल, गावात चुन्याचा एक डबा कुणाला मिळाला नाही? माझं विचाराल, तर मला लेखी आदेश होता. पण त्या दुपारी मी वर रंग देत असताना शिडी हलायला लागली, तेव्हा रस्त्याने जाणारं कुणीतरी आपणहून थांबलं आणि माझं होईस्तोवर ती घट्ट धरून उभं राहिलं. काय लिहितोय, विचारलंसुद्धा नाही. गडबडीत आभार मानायचे राहिले.

तुम्हीच होतात ना?